लेक्स गेला, लाना गेली, लिहिणारेही गेले. मग ‘स्मॉलव्हिल’ चालली कशी?

सुपरमॅनच्या तरुणपणावरच्या ‘स्मॉलव्हिल’ या अमेरिकी मालिकेबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा : “कॉलेजात असताना ‘स्मॉलव्हिल’ सातव्या पर्वापर्यंत पाहिली होती. मग लेक्स, लाना, कारा, लायनेल सगळेच गेल्याचं कळलं, मालिका घडवणारी जोडीही गेल्याचं वाचलं आणि सोडून दिली. एवढी माणसं गेल्यावर ती आणखी तीन वर्षं कशी चालली? सुपरहिरोच्या मालिकेत हे असंच होतं का? आणि आता उरलेली बघण्यात अर्थ आहे का?”

मी मराठी दैनंदिन मालिकांच्या कथा-पटकथा लिहिते. नटनटी मध्येच सोडून जाणं आणि सोमवारच्या भागापर्यंत त्याची तजवीज करणं हे आमच्या पगारातच धरलेलं असतं. त्यामुळे ‘स्मॉलव्हिल’ मी पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून पाहिली असली, तरी आठवं पर्व मात्र पेन्सिल घेऊन पाहिलं. उत्तर लांबणार आहे.

आधी ही मंडळी गेली त्या उन्हाळ्यात नेमकं काय झालं ते. मालिका १६ ऑक्टोबर २००१ रोजी ‘द डब्ल्यूबी’ या वाहिनीवर सुरू झाली. पहिला भाग सुमारे ८४ लाख लोकांनी पाहिला आणि त्या वाहिनीसाठी तो पदार्पणाचा विक्रम ठरला. आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर ही निर्माती जोडी. त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम प्रसिद्ध आहे : घट्ट पोशाख नाही आणि उडणं नाही. क्लार्क केंट सुपरमॅन होण्याआधीचा मुलगा, कॅन्ससमधलं शेत, शाळा, एक लाल पिकअप, आणि शेजारच्या हवेलीत राहणारा श्रीमंत बापाचा टकला मुलगा लेक्स ल्यूथर, जो अजून खलनायक झालेला नाही. सात वर्षांनी, एप्रिल २००८ मध्ये, गॉफ-मिलर यांनी मालिका सोडत असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास लेक्स करणारा मायकेल रोझेनबॉम बाहेर पडला. क्लार्कची प्रेयसी लाना करणारी क्रिस्टिन क्रूक नियमित कलाकार राहिली नाही. लेक्सचा बाप लायनेल ल्यूथर याला त्याच्याच मुलानं सातव्या पर्वात उंच इमारतीच्या खिडकीतून ढकलून दिलं होतं, म्हणजे जॉन ग्लोव्हरही संपला. क्लार्कची चुलत बहीण कारा फँटम झोन नावाच्या तुरुंगात अडकली. क्लार्कची आई मार्था तर सहाव्या पर्वाच्या शेवटीच वॉशिंग्टनला गेली होती. पहिल्या पर्वाच्या श्रेयनामावलीतले उरले फक्त दोघे : क्लार्क करणारा टॉम वेलिंग आणि त्याची मैत्रीण क्लोई करणारी ॲलिसन मॅक.

हे सगळं एकाच वेळी का झालं, याचं कारण रुसव्याफुगव्यात शोधू नका. अमेरिकी मालिकेतल्या नटाचा करार बहुधा सहा-सात वर्षांचा असतो. कॅलिफोर्नियाचा कायदा वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे लांबवू देत नाही. १९४४ साली ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीनं याच मुद्द्यावर स्टुडिओविरुद्ध खटला जिंकला होता, आणि गंमत म्हणजे तो स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्स होता, म्हणजे ‘स्मॉलव्हिल’चे मालक. सातवं वर्ष संपलं की जुन्या मंडळींना नव्यानं विचारावं लागतं, आणि विचारलं की काही जण ‘नको’ म्हणतात. सात वर्षं, वर्षाला बावीस भाग, व्हँकुव्हरच्या पावसात, एकेका भागाला साधारण आठ दिवसांचं चित्रीकरण. रोझेनबॉम तर त्यासाठी डोकं भादरून घेत होता. अशा माणसानं पुरे म्हटलं तर मला त्यात विश्वासघात दिसत नाही.

दुसरी गोष्ट, सातवं पर्व आधीच मोडकं होतं. ५ नोव्हेंबर २००७ ते १२ फेब्रुवारी २००८ हॉलिवूडच्या लेखकांचा संप चालला. बावीसऐवजी वीसच भाग झाले. कारा, क्लार्कचा दुष्ट प्रतिरूप बिझारो, परग्रहावरचा यंत्रशत्रू ब्रेनिॲक आणि लायनेल ज्यात होता ती एक गुप्त संघटना, एवढे ट्रॅक उघडले आणि जेमतेम गुंडाळले. पुष्कळ लोक म्हणतात, आठव्यापासून मालिका घसरली. मला विचाराल तर घसरण सहाव्याच्या उत्तरार्धात लागली होती आणि सातव्यात ती लपवता येईनाशी झाली. लाना-लेक्स-क्लार्क या त्रिकोणातून निघणारं सगळं नाट्य काढून झालं होतं. लग्न झालं, खोटं गरोदरपण झालं, खोटा मृत्यू झाला. आमच्याकडे अशा वेळी वाहिनीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, “लीप घेऊ या.” तिथे तो लीप नटांच्या करारांनी आपोआप घ्यायला लावला.

आता चेहरे बदलण्याचं. दैनंदिन मालिकेत नट गेला की आम्ही बहुतेक वेळा पात्र ठेवतो आणि चेहरा बदलतो. पडद्याच्या तळाशी पट्टी येते, ‘आजपासून अमुकची भूमिका तमुक साकारणार आहेत’, आणि आठवड्याभरात सासूबाई नव्या सुनेला जुन्याच नावानं हाक मारतात. ‘शक्तिमान’मध्येही गीता विश्वासची भूमिका आधी कीटू गिडवानी आणि नंतर वैष्णवी महंत यांनी केली, कुणाचं काही अडलं नाही. अमेरिकेतही हे पूर्वी झालेलं आहे. १९८८ ते १९९२ दरम्यान चाललेल्या ‘सुपरबॉय’मध्ये पहिल्या वर्षानंतर खुद्द नायक बदलला, जॉन हेम्स न्यूटनच्या जागी जेरार्ड ख्रिस्टोफर आला. लेक्सही बदलला, आणि त्याच्यासाठी तर प्लास्टिक सर्जरीचं कारण दिलं. (म्हणजे हा उपाय आमचा एकट्यांचा नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) अगदी अलीकडे ‘बॅटवूमन’मध्ये पहिल्या पर्वानंतर रुबी रोझ गेली तेव्हा त्यांनी तिसराच मार्ग काढला. केट केन हे पात्र बाजूला केलं आणि रायन वाइल्डर नावाची पूर्णपणे वेगळी मुलगी त्या पोशाखात आणली, जाव्हिशिया लेस्लीच्या रूपात. पोशाख हेच पात्र असेल तर हे जमतं. मालिका त्यानंतर दोन पर्वं चालली.

‘स्मॉलव्हिल’ला यातलं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. पोशाख नाही हाच तर नियम! तिथला लेक्स म्हणजे रोझेनबॉमची ती अर्धवट हसण्याची लकब, बापासमोर लहान होणारा आवाज, आणि क्लार्कवर खरोखर जीव असणं. दुसरा टकला माणूस उभा करून ते येणार नव्हतं. आठव्या पर्वात त्यांनी एकदोनदा चेहरा न दाखवता लेक्स दाखवून पाहिला, जखमी, यंत्रांना जोडलेला, दुसऱ्या नटाच्या शरीरात. ते प्रसंग मी पाहते तेव्हा मला फक्त कॅमेऱ्याची कसरत दिसते.

मग केलं काय? इथे मला त्या लेखनगटाचं खरं कौतुक आहे. पात्र गेलं की आम्ही आधी त्याचं नाव पुसून फक्त त्याची कामं लिहितो : हे पात्र गोष्टीत काय काय उचलून धरत होतं? लेक्सची यादी केली तर निदान चार कामं निघतात. ल्यूथरकॉर्प या घरच्या कंपनीचा पैसा आणि प्रयोगशाळा, म्हणजे दर आठवड्याचं संकट पुरवणारा कारखाना. क्लार्कच्या गुपिताचा माग काढणारं डोकं. क्लार्कच्या बरोबरीचा तरुण, ज्याच्याशी त्याची मैत्री होऊ शकते. आणि चौथं, सगळ्यात जड : चांगला माणूस हळूहळू वाईट कसा होतो ही शोकांतिका.

पहिली दोन कामं टेस मर्सर या नव्या पात्राला दिली. कॅसिडी फ्रीमन. लेक्सनंच नेमलेली वारसदार, त्याला शोधतेय, त्याच्यावर भक्ती आहे आणि संशयही. नाव जुन्या सुपरमॅन गोष्टींमधल्या लेक्सच्या दोन सहायकांच्या नावांतून बेतलेलं, म्हणजे जाणकाराला खूण आणि इतरांना नवीन बाई. तिसरं काम ऑलिव्हर क्वीनकडे गेलं. तो सहाव्या पर्वात पाहुणा म्हणून आला होता. आठव्यात जस्टिन हार्टली नियमित झाला. श्रीमंत, देखणा, क्लार्कचा मित्र, नैतिकदृष्ट्या दोन पावलं वाकडा. लेक्सला मारण्याची जबाबदारीसुद्धा त्याच्याच खात्यावर टाकली, म्हणजे लेक्सच्या जाण्याचं ओझं त्याच्या जागी आलेल्या माणसावर. पटकथा म्हणून ही जागा मला फार आवडते. आणि नट सरळ स्वभावाचा दिसला तरी त्याच्यात थोडी काजळी ठेवायला मिळाली.

या हार्टलीची हकीकत मजेशीर आहे. गॉफ-मिलर यांनी २००६ साली ॲक्वामॅनवर एक पायलट, म्हणजे चाचणीचा भाग, केला होता, त्यात ॲक्वामॅन हार्टलीच. वाहिनीनं तो घेतला नाही. पायलट पडला, पण नट हाताशी राहिला आणि दोन वर्षांनी त्यानंच मालिकेचा एक खांब तोलला. नाकारलेल्या गोष्टीतला माणूस चालू गोष्टीत लावणं हे आमच्याकडेही सर्रास चालतं.

चौथं काम, शोकांतिका, त्यांनी डेव्हिस ब्लूम नावाच्या रुग्णवाहिकेतल्या माणसावर टाकायचा प्रयत्न केला. सॅम विटवर. दिवसा लोकांचे जीव वाचवतो आणि रात्री त्याच्या आतला डूम्सडे नावाचा राक्षस जागा होतो. कल्पना खणखणीत होती आणि नट त्याहून. पण शेवट कोसळला. वर्षभर ज्या राक्षसाची भीती घातली त्याच्याशी क्लार्कची प्रत्यक्ष लढाई हाणामारी म्हणावी इतकीही टिकत नाही, त्याला जमिनीत गाडून मोकळे होतात. मग माणूस डेव्हिस जिमी ऑल्सनला मारतो. जिमी मेला? सुपरमॅनचा मित्र जिमी? तर अंत्यसंस्काराच्या वेळी कळतं की हा हेन्री जेम्स ऑल्सन होता आणि त्याचा धाकटा भाऊ पुढे ‘खरा’ जिमी होणार आहे. मी लिहिणारी असूनही टीव्हीवर उशी फेकावीशी वाटली.

या फसवणुकीचं मूळ मात्र समजून घ्या, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ‘स्मॉलव्हिल’सारख्या पूर्वकथेचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत असतो. क्लार्क सुपरमॅन होणार, पत्रकार लोइस लेनशी लग्न करणार, लेक्स जिवंत राहून त्याचा कट्टर शत्रू होणार, जिमी छायाचित्रकार होणार. साध्या कौटुंबिक मालिकेत सासरा गेला तर गेला, इथे पात्र कायमचं मारायची मुभाच नसते. वर आणखी एक पहारा होता, तो म्हणजे स्टुडिओचा चित्रपट विभाग. मुळात निर्मात्यांना तरुण ब्रूस वेनची, म्हणजे बॅटमॅनची, मालिका करायची होती, चित्रपट विभागानं ती अडवली, म्हणून क्लार्क आला. बॅटमॅन दहा वर्षं मिळालाच नाही. ऑलिव्हर क्वीन हा श्रीमंत मुखवटाधारी त्या रिकाम्या जागी का आणला असेल, हे त्यावरून ओळखा. लोइसची तीच तऱ्हा. एरिका ड्युरन्स चौथ्या पर्वात, २००४ साली, आली तेव्हा तिला मर्यादित भागांचीच परवानगी होती, कारण सुपरमॅनचा नवा चित्रपट येऊ घातला होता. पाहुणी म्हणून आलेली ती बाई पुढे अर्धी मालिका घेऊन चालली. क्लार्कशी तिची जुंपणारी भांडणं लानाच्या सात वर्षांच्या अश्रूंपेक्षा मला कितीतरी पटीनं जास्त प्रिय आहेत. हे माझं मत आहे, लानाप्रेमींनी रागावू नये.

आठव्या पर्वात खरा बदल झाला तो इथे. क्लार्क मेट्रोपोलिसमध्ये ‘डेली प्लॅनेट’च्या कार्यालयात लोइसच्या समोरच्या टेबलावर बसला. शेत मागे पडलं, शाळेचा मित्रगट संपला होताच. आता तो मुलगा कामाला जातो, गुपचूप लोकांना वाचवतो, वर्तमानपत्रं त्या लालनिळ्या फरकाट्याला ‘ब्लर’ म्हणतात. म्हणजे ‘हा मोठा कसा होणार’ या प्रश्नाची जागा ‘हा दोन आयुष्यं कशी सांभाळणार’ या प्रश्नानं घेतली. मालिकेनं प्रश्न बदलला की जुनी पात्रं नसल्याचं तितकं जाणवत नाही, कारण त्यांची गरज जुन्या प्रश्नाला होती. लेक्सशिवाय पहिलं पर्व होऊच शकत नाही. आठवं होऊ शकतं.

आणि सूत्रं कुणाकडे गेली हे नटांपेक्षा महत्त्वाचं. गॉफ-मिलरनंतर बाहेरून कुणी मोठं नाव आणलं नाही. टॉड स्लॅव्हकिन, डॅरन स्विमर, केली सूडर्स आणि ब्रायन पीटरसन हे चौघे वर्षानुवर्षं त्याच लेखनगटात होते. कुठल्या भागात कोण काय बोललं होतं, कुठला धागा सुटला आहे, कुठला नट कुठलं वाक्य तोडून बोलतो, हे त्यांना पाठ. मी अशी हस्तांतरं दोन्ही प्रकारची पाहिली आहेत. बाहेरून आलेला लेखक पहिल्या बैठकीत “आधीचं विसरा” म्हणतो, आणि तीन आठवड्यांत प्रेक्षक सांगतात की त्यांना आधीचंच लक्षात आहे. आठव्यानंतर स्लॅव्हकिन-स्विमर दुसऱ्या मालिकेवर गेले तरी सूडर्स-पीटरसन राहिले आणि त्यांनी नववं-दहावं पेललं. टॉम वेलिंग नवव्यापासून सहकार्यकारी निर्माता आणि दहाव्यात कार्यकारी निर्माता झाला, काही भागांचं दिग्दर्शनही करत होता. मुख्य नटाला निर्मितीत घेणं हा कधी कधी नुसता मानपान असतो. इथे मात्र तो दहा वर्षं प्रत्येक भागात उभा होता, त्याच्या दमाचा हिशेब त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

पैशाचंही एक वाक्य बोलायला हवं. २००६ मध्ये ‘डब्ल्यूबी’ आणि ‘यूपीएन’ मिळून ‘द सीडब्ल्यू’ झाली, वॉर्नर आणि सीबीएस यांची निम्म्या-निम्म्या मालकीची. मालिका बनवणारा आणि दाखवणारा यांची नाळ एकच. नव्या वाहिनीला ओळखीचं काहीतरी हवं होतं, आणि जुने महागडे नट गेल्यानं खर्चाला थोडी उसंत मिळते, हे कुणी बोलून दाखवत नाही पण हिशेबवहीत दिसतं. नवव्या पर्वाला शुक्रवार दिला. अमेरिकेत शुक्रवारची रात्र म्हणजे मालिकांचा वृद्धाश्रम मानतात. तिथेही ती दोन वर्षं टिकली. १३ मे २०११ रोजी शेवट झाला तेव्हा २१७ भाग झाले होते, ‘स्टारगेट एसजी-१’ या विज्ञानमालिकेच्या २१४ पेक्षा तीन जास्त.

त्या शेवटासाठी रोझेनबॉम परत आला, थोडा वेळ. दहाव्या पर्वात लेक्सला क्लोनच्या तुकड्यांतून जोडून उभं केलं आहे, ते सगळं फार भयंकर आणि थोडं हास्यास्पद. पण त्यात एक जागा अशी आहे की लेखक म्हणून मी टोपी काढते. टेस ही लेक्सची सावत्र बहीण निघालेली असते. तो तिला भोसकतो, आणि मरता मरता ती त्याच्या गालाला विष लावते ज्यानं त्याची सगळी स्मृती पुसली जाते. एका हालचालीत तिचं पात्र पूर्ण होतं, आणि एकेकाळी क्लार्कचा मित्र असलेला, त्याचं गुपित जाणणारा लेक्स पुढच्या गोष्टीत काहीच न जाणणारा लेक्स होतो. जिमीच्या धाकट्या भावाचीही मूळ गरज हीच होती, पाटी कोरी करून द्यायची. पण तिथे ती प्रेक्षकाच्या माथी मारली आणि इथे एका बाईच्या सूडातून आली.

क्रूकला मात्र त्यांनी नीट निरोप दिला असं मी म्हणेन, माझं लानाबद्दलचं मत काहीही असो. सातव्याच्या शेवटी ती क्लार्कसाठी एक चित्रफीत ठेवून निघून जाते, हा घाईतला निरोप होता. आठव्यात तिला पाच भागांसाठी बोलावलं. ती स्वतः शक्तिमान होते, आणि लोकांना वाचवण्यासाठी क्लार्कला मारक असलेलं क्रिप्टोनाइट इतकं अंगात शोषून घेते की क्लार्क तिच्या जवळ उभाही राहू शकत नाही. सात वर्षं त्याची शक्ती त्यांच्यात आडवी येत होती, शेवटी तिची आली. पाहुण्या नटीच्या मोजक्या तारखांत एवढं बसवणं सोपं नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. क्लार्क-लेक्सची मैत्री कशी नासली, यासाठी तुम्ही मालिका पाहत होतात असं मी धरते. ती गोष्ट सातव्यातल्या ‘डिसेंट’ आणि ‘आर्क्टिक’ या भागांत संपते, आणि पुढच्या तीन वर्षांत तिची भरपाई कुठेच नाही, टेस नाही, ऑलिव्हर नाही, नवव्यातला खलनायक झॉडही नाही. त्यासाठीच बघायचं असेल तर थांबलात तिथे बरं केलंत. पण लोइस आवडत असेल, किंवा तो मुलगा शेवटी उडतो का हे बघायचं असेल, तर आठव्याचा पहिला भाग ‘ओडिसी’ लावा, डोकं थोडं बाजूला ठेवून. मग ‘ब्राइड’ ते ‘रेक्विएम’ हा पट्टा सलग. त्यातला ‘लीजन’ जेफ जॉन्स या कॉमिक्सच्या लेखकानं लिहिला आहे आणि बाकीच्यांपेक्षा त्याची चाल वेगळी कळते. डूम्सडेचा शेवट बघाल तेव्हा जवळ उशी ठेवा. नवव्यात त्याच जॉन्सचा ‘ॲब्सोल्यूट जस्टिस’ चुकवू नका. दहाव्यातला दोनशेवा भाग ‘होमकमिंग’ मात्र पहिली काही पर्वं आठवत असताना बघा, नाहीतर त्यातली निम्मी गंमत हातून जाईल. तेवढ्यासाठी पहिल्या पर्वातले चार-पाच भाग आधी पुन्हा पाहिलेत तरी चालेल.